आठवा गिअर

मोटारसायकल बनवणाऱ्या माणसाच्या स्वभावाचं मला नेहमी नवल वाटत आलं आहे. गाडी किती वेगात चालली आहे हे तो काट्याने सांगतो. जन्मल्यापासून ती किती किलोमीटर रखडली हे आकड्यांनी सांगतो. हेडलाइटच्या डोक्यावर एक चिमुकला अँपिअरमीटर बसवून बॅटरीच्या पोटात काही जातंय की पोटातून निघतंय हेही सांगतो. पण ज्या एका गोष्टीवाचून स्वाराचं पाऊल पुढे पडत नाही, ती मात्र तो पोटात ठेवतो. आपण आत्ता कितव्या गिअरमध्ये आहोत?

स्कूटरवाल्यांची गोष्ट वेगळी. बजाजची चेतक १९७२ साली आली आणि पुढे वर्षानुवर्षं तिच्यासाठी लोक नंबर लावून बसले, त्याचं एक कारण मला वाटतं हेच असावं, की तिच्या डाव्या मुठीवर गिअरचे आकडे चक्क कोरलेले असत. मूठ पिरगाळली की रेघ त्या त्या आकड्यासमोर येई. मान खाली घातली की गिअर वाचता येई. म्हणजे स्कूटरवाल्याचं नुसत्या साक्षरतेवर भागतं, मोटारसायकलवाल्याला अंतर्ज्ञान लागतं.

माझी फटफटी म्हणजे १९७९ सालची साडेतीनशे सीसीची बुलेट. मी ती १९८४ साली जुनी घेतली, शिक्षकांच्या पतपेढीचं कर्ज काढून. मराठीच्या मास्तराने बुलेट घ्यावी हे आमच्या शाळेत कुणालाच रुचलं नव्हतं. मास्तराला सायकल शोभते, फार तर लुना. हेडमास्तर तर म्हणाले होते, "अहो, मुलांना तुमची चाहूल चार गल्ल्या आधी लागेल. मग वर्गात कुणाला पकडणार?" ते खरंच झालं. माझ्या वर्गाइतका शांत वर्ग शाळेत दुसरा नव्हता, कारण मी मिरजकर तिकटीला वळलो की मुलं पुस्तकं उघडून बसत.

आताच्या पोरांना म्हणून सांगतो, जुन्या बुलेटचा सगळा संसार उलटा. मद्रासमध्ये १९५५ साली तिची जुळणी सुरू झाली ती विलायती चालीने, आणि ती चाल तिने पुढे कित्येक वर्षं सोडली नाही. गिअर उजव्या पायाशी, ब्रेक डाव्या पायाशी. पहिला गिअर पायाच्या बोटांनी वर उचलायचा आणि उरलेले तीन खाली दाबायचे. माझ्या मुलाच्या गाडीवर गिअर डावीकडे, ब्रेक उजवीकडे. त्याची गाडी मी आयुष्यात एकदाच चालवली. दसरा चौकात गिअर बदलायला म्हणून उजवा पाय दाबला आणि गाडी जागच्या जागी उभी राहिली. मी मात्र थोडा पुढे गेलो.

तर सांगायची गोष्ट अशी, की चाळीस वर्षं मला गिअर कधी पाहावा लागला नाही. तो ऐकू यायचा. दुसऱ्यात बुलेट कुरकुरते, तिसऱ्यात गुणगुणते आणि चौथा पडला की पोटभर जेवलेल्या माणसासारखी संथ लयीत डुगडुगत राहते. या डुगडुगीच्या आत एक बारीक सूर असतो, गिअरच्या दात्यांचा. तो चढला की वरचा गिअर मागतेय आणि इंजिन दम खायला लागलं की खालचा, इतकं हे व्याकरण सोपं. संधी-समासापेक्षा कितीतरी सोपं.

पण गेल्या दोन वर्षांत काहीतरी बिनसलं. सायबर चौकातून सरळ रस्त्याला लागलो की मी चौथ्यात असताना पाचवा शोधू लागलो. पाचवा या गाडीला नाहीच. उलट कधी सिग्नलवरून तिसऱ्यातच निघू पाहायचो, आणि गाडी दोन आचके देऊन बंद पडायची. मागे दहा जणांचे हॉर्न. (हे हॉर्न मागाहून सौ.ने सांगितले. मला वाटलं, लोक हल्ली शहाणे झाले.)

दोष गिअरबॉक्सचा आहे, असा निष्कर्ष मी काढला. मास्तरकीच्या धंद्यात दोष समोरच्याचा असतो, ही सवय जात नाही.

आमच्या गल्लीतल्या एका इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याने उपाय सुचवला. "काका, गिअर इंडिकेटर लावा की! नव्या गाड्यांना असतोय. डायरेक्ट आकडा दिसतोय." त्याने हेही सांगितलं, की सुझुकीने जपानात आपल्या मोठ्या जीटी गाड्यांवर १९७० च्या दशकातच असा आकडा उमटवला होता. मी हळहळलो. म्हणजे मी १९८४ साली पतपेढीच्या अर्जावर सह्या गोळा करत होतो, तेव्हा जगात कुणाला तरी गिअर दिसत होता!

त्या मुलाने एक तयार संच मागवून दिला. काड्यापेटीएवढी डबी आणि तिला अकरा वायरी. तो कसा चालतो हे त्याने मला नीट समजावलं आणि ते मला कळलंही, म्हणून इथे सांगतो. इंजिनाचे फेरे आणि मागच्या चाकाचे फेरे यांचं प्रमाण प्रत्येक गिअरला ठरलेलं असतं. पहिल्यात इंजिन पुष्कळ फिरतं आणि चाक थोडं, चौथ्यात इंजिनाच्या फेऱ्यांच्या मानाने चाक जास्त फिरतं. डबी दोन्हीकडचे फेरे मोजते, भागाकार करते आणि उत्तर जुळेल तो आकडा दाखवते. क्लच दाबला की इंजिनाचा आणि चाकाचा संबंध तुटतो, मग भागाकाराला अर्थ उरत नाही आणि डबी नुसती आडवी रेघ दाखवते. थोडक्यात, गाडी उभी असताना आणि गिअर बदलताना, म्हणजे नेमकं जेव्हा विचारावं तेव्हा, ती उत्तर देत नाही. असे विद्यार्थी मी पुष्कळ पाहिले होते.

पण तेवढीही वेळ आली नाही. डबीला बारा व्होल्ट लागत होते आणि माझ्या बुलेटच्या पोटात सहा. रात्री हेडलाइट लावला तर समोर कुणीतरी उदबत्ती धरल्यासारखं वाटतं, ती ही सहा व्होल्टची माया. डबी पेटली नाही. त्या मुलाने बारा व्होल्टची दुसरी बॅटरी सीटखाली बसवू का, म्हणून विचारलं. सौ. म्हणाली, "आणि मी कुठे बसू?"

शेवटी मी केलं ते, जे कोल्हापुरात माणूस पहिल्यांदा करायला हवं असताना शेवटी करतो. शिवाजी उद्यमनगरात गेलो. या उद्यमनगराबद्दल परगावच्या माणसाला काय सांगावं! एका गाळ्यात लोखंड वितळतंय, दुसऱ्यात ते कातलं जातंय, तिसऱ्यात त्याला भोक पडतंय. कोल्हापूरच्या ऑइल इंजिनांनी या भागाची शेती भिजवली, ती याच घराण्यातली. इथे नमुना म्हणून तुटका अर्धा भाग दाखवला तर संध्याकाळी पुरा मिळतो, आणि वर "मूळचा जरा कच्चाच होता" असं ऐकायलाही मिळतं.

माझे मेस्त्री तिथलेच. साठीला टेकलेले, हात कोपरापर्यंत काळे. ते माझे विद्यार्थी आहेत, आठवी 'क'. मागच्या बाकावर बसून ते खिडकीतून रस्त्यावरच्या गाड्यांचे आवाज ऐकत असत. एकदा मी कवितेचा अर्थ विचारला, तेव्हा ते उभे राहून म्हणाले होते, "सर, जावा गेली." मी कडाडलो होतो, "कान कुठे गहाण टाकलेस?" हे वाक्य माझं ठेवणीतलं. चौतीस वर्षांत ते मी किती मुलांच्या कानात ओतलं असेल, त्याची गणती नाही.

मेस्त्रींनी माझी तक्रार ऐकून घेतली. गाडी घेऊन एक चक्कर मारून आले. उतरले आणि हात पुसत राहिले.

"गिअरबॉक्स झक्कास हाय, सर. लोण्यासारका पडतोय."

"मग मला कळत का नाही?"

ते माझ्याकडे क्षणभर बघत राहिले. मग म्हणाले, "इंडिकेटरच पायजे तर कंपनीनंच दिलाय की! ह्यो बगा." आणि त्यांनी गिअरच्या दांडीजवळचा तो टाचेचा खटका दाखवला.

जुन्या बुलेटला हा खटका असतो. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या, कुठल्याही गिअरमधून क्लच दाबून टाच मारली की गाडी थेट न्यूट्रलला. रोज सिग्नलला चाळीस वर्षं मी त्याला टाच मारत आलो होतो. मेस्त्रींनी गाडी स्टँडवर घेतली, हाताने मागचं चाक फिरवत एकेक गिअर टाकला. गिअर चढेल तसा खटका एकेक पायरी वर उचलला जात होता. आतल्या गिअर बदलणाऱ्या यंत्रणेलाच तो जोडलेला, तेव्हा दुसरं काय करणार बिचारा!

मी थक्क झालो. ज्याला आपण इतकी वर्षं लाथ मारली, तो खाली राहून सगळं खरं सांगत होता. असं आयुष्यात माणसांच्या बाबतीतही होतं, पण ते विषयांतर होईल.

"पण चालत्या गाडीवर टाचेकडे कसं बघू?" मी शंका काढली. तेव्हा मेस्त्रींचा डिप्लोमा झालेला मुलगा पुढे आला आणि त्याने दोन दिवसांत जे केलं त्याला कोल्हापुरी भाषेत 'नाद खुळा' म्हणतात. त्याने बेकेलाइटच्या पट्टीवर तांब्याची पाच बटणं बसवली, चार गिअरची चार आणि न्यूट्रलचं एक. खटक्याला तांब्याचा एक ब्रश जोडला. खटका हलेल तसा ब्रश एकेका बटणाला टेके, आणि हँडलवरच्या छोट्या काचेत लाल आकडा उमटे. सहा व्होल्ट त्याला पुरले. एकूण खर्च त्या तयार डबीच्या निम्मा.

आठवडाभर मी राजासारखा हिंडलो. रंकाळ्याला उगीचच तीन फेऱ्या मारल्या. गिअर बदलायचा आणि बघायचं, बदलायचा आणि बघायचं. सौ. मागून म्हणाली, "रस्त्याकडेही बघा अधूनमधून." (असं ती म्हणाली, असं तिनेच मागून सांगितलं.)

आठव्या दिवशी चौथ्या गिअरला एक दिसू लागला. मी घाबरून दुसरा शोधला, तर तो पडेना. मुलगा म्हणाला, "सर, आकड्याला सात काड्या असतात. चारला त्यातल्या चार लागतात. त्यांतल्या दोन गेल्या की उरतोय एक." बुलेटच्या थरथरीने त्या दोन काड्यांच्या वायरी तुटल्या होत्या. मला हे पटलं. कितीही वरचा माणूस असो, निम्म्या काड्या निसटल्या की बघणाऱ्याला तो पहिलीतला दिसतो. वायरी पुन्हा जोडल्या. मग मोठा पाऊस झाला, आत पाणी शिरलं आणि सगळ्या काड्या एकदम पेटल्या. सातही काड्या पेटल्या की होतो आठ. पहिल्यात आठ, चौथ्यात आठ, न्यूट्रलमध्येही आठ!

त्याच आठाच्या भरवशावर आम्ही दोघं रविवारी पन्हाळ्याला निघालो. वीसेक किलोमीटरचा रस्ता, हवा सुरेख. वाघबिळाच्या चढाला लागलो. काचेत आठ. टाचेकडे पाहावं म्हणून मी खाली वाकलो, आणि तेवढ्यात सौ.ने माझा डावा खांदा असा काही ओढला की मी गाडीसकट रस्त्याच्या कडेला गेलो. उजवीकडून एक बस भिंतीसारखी सरकत पुढे निघून गेली. 

गाडी थांबवली. सौ.चा चेहरा पांढरा पडला होता. तिचे ओठ हलत होते.

"काय?" मी म्हटलं.

ती जवळ येऊन मोठ्याने म्हणाली, "केर्लीपासून हॉर्न देतोय तो!"

आम्ही पन्हाळ्याला गेलो नाही. परत येताना एक गोष्ट मला प्रथमच उमगली. गाडी दमायला लागली की माझ्या खांद्यावर एक हलकी थाप पडत होती. मी खालचा गिअर टाकला की हात उचलला जाई. किती दिवसांपासून हे चाललं होतं कुणास ठाऊक! मी थापेला थंडी समजत होतो, कधी प्रेम समजत होतो. तो खरं म्हणजे गिअर इंडिकेटर होता.

दुसऱ्या दिवशी इंडिकेटर दुरुस्तीला घेऊन गेलो. मेस्त्रींनी मुलाला चहा आणायला पाठवलं. बुलेट चालू केली आणि मला म्हणाले, "सर, टॅपेट वाजालाय. ऐका." मी कान दिला. डुग, डुग, डुग. "नाही बुवा," म्हटलं. त्यांनी गाडी बंद केली आणि मान खाली घालून म्हणाले, "लई वाजालाय, सर."

त्या वेळी त्यांना एक वाक्य सहज म्हणता आलं असतं. पन्नास वर्षांपूर्वीचं नसलं तरी चाळीसएक वर्षांपूर्वीचं, माझंच, ठेवणीतलं. ते त्यांच्या ओठावर आलं असेल की नाही मला माहीत नाही. ते एवढंच म्हणाले, "माझ्या म्हाताऱ्यालाबी असंच झालतं. मशीन बसीवलं, झालं की. तुम्ही आधी कानाचं बगा, इंडिकेटरचं मग बगू." आठवी 'क'च्या मागच्या बाकावर मी त्या दिवशी जाऊन बसलो.

कानाच्या डॉक्टरांनी एका बंद खोलीत बसवून माझी तोंडी परीक्षा घेतली, म्हणजे कानी. नंतर आलेख दाखवला. डावीकडे रेघ बरी होती, उजवीकडे मात्र पन्हाळ्यावरून वाघबिळाकडे उतरावं तशी घसरत गेली होती. वयाबरोबर दोन्ही कानांतून उंच पट्टीचे बारीक आवाज आधी जातात, जाड आवाज टिकून राहतात, म्हणून बहिरेपण आलंय हेच माणसाला लवकर कळत नाही, असं त्यांनी सांगितलं. "आवाज येतो, शब्द कळत नाहीत, असं होतं का?" त्यांनी विचारलं. सगळा उलगडा झाला. बुलेटची डुगडुग ऐकू येत होती, म्हणून मी निर्धास्त होतो. तिच्यातला दात्यांचा सूर, टॅपेटची टिकटिक, मोबाइलची घंटी आणि सौ.च्या वाक्यांची शेवटची अक्षरं, हे सगळं गुपचूप एकाच गाडीने निघून गेलं होतं. 

"किती दिवसांपासून तुला माहीत होतं?" मी घरी येऊन तिला विचारलं.

"तीन वर्षं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले," ती म्हणाली. "बऱ्याचदा."

आता माझ्या दोन्ही कानांत शेंगदाण्याएवढी यंत्रं आहेत. पहिल्या दिवशी घरातला पंखा इतका बोलतो हे कळलं. वर्तमानपत्राचं पान उलटताना पत्रा फाटल्यासारखा आवाज होतो हेही कळलं. बुलेटवर मात्र वारा यंत्रात शिरून घोंघावतो, त्याच्याशी जमवून घ्यावं लागलं. डॉक्टरांनी थोडी जुळवाजुळव केली, मी वेग कमी केला. मेस्त्रींनी टॅपेट नीट केले. पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा पन्हाळ्याला निघालो. वाघबिळाच्या चढाला इंजिन दम खायला लागलं, ते मला ऐकू आलं. स्पष्ट. मी तिसरा टाकला, आणि टाकल्यावर खांद्यावर थाप पडली.

"टाकला की!" मी ओरडलो.

"कळलं मला," ती म्हणाली. हात तिथेच राहिला. मीही तो काढायला सांगितलं नाही. तसा वारा होताच.

इंडिकेटर दुरुस्त करायचं राहूनच गेलं. अजून काचेत आठच दिसतो. परवा बिंदू चौकात शेजारी नवी कोरी गाडी घेऊन एक पोरगं उभं होतं. त्याने माझ्या हँडलकडे पाहिलं, मग माझ्या पिकल्या डोक्याकडे पाहिलं, पुन्हा हँडलकडे पाहिलं.

"आजोबा, आठ गिअर हायती?"

मला ते अगदी स्वच्छ ऐकू आलं. म्हणून मी दुसऱ्यांदा विचारायला लावलं.